भट्टी कोणी विझवली?

१

प्रमुखांनी मोठ्या थाटात भट्टीचं दार उघडलं, पाहुण्यांना ‘या’ म्हणून हात केला, आणि आतून गार हवा आली.

भट्टी हे त्या खोलीचं आतल्या माणसांनी पाडलेलं नाव. जाड भिंतींची, बिनखिडकीची खोली. एरवी आत पाऊल टाकलं की बघता बघता पाठ ओली व्हायची. मांडण्यांवर शेकडो बॅटऱ्या ओळीनं बसवलेल्या होत्या. रात्रंदिवस त्या भरायच्या आणि रिकाम्या व्हायच्या. एवढ्या उष्णतेत त्या सलग दोन वर्षं तग धरतात का, एवढंच पाहायचं होतं. पण सगळी गोम त्या ‘सलग’ शब्दात होती. उष्णता घटकाभर उतरली तर खपून जायचं. रात्रभर उतरली की चाचणी बाद, पुन्हा पहिल्यापासून. आणि आता संपायला जेमतेम तीन आठवडे उरले होते.

प्रमुखांनी एका बॅटरीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. त्यांचा चेहरा उतरलेला सगळ्यांनी पाहिला.

दिवसही नेमका तोच. कंपनीच्या या संशोधन केंद्रात त्या दिवशी ‘करिअर संधी दिवस’ होता. प्रवेशदालनात ‘तुमचं उद्या इथे घडतं’ असा भला मोठा फलक लागला होता. मुख्य कार्यालयातून दोन बडे पाहुणे आले होते. बॅटरी विभागात तिघं कंत्राटावर होती, त्यांच्यातल्या एकाला कायम करायचं म्हणून दुपारी मुलाखती होत्या. त्या एका जागेवर तिघंही वर्षभर डोळे लावून बसली होती.

सेफ्टीबाईंना फोन गेला तेव्हा त्या दुसऱ्या मजल्यावर आग विझवायच्या नळकांड्यांवरची धूळ पुसून घेत होत्या. त्या केंद्राच्या सुरक्षा अधिकारी. चपला घालून प्रयोगशाळेत येऊ नका, चष्मा लावा, खाणंपिणं आत नेऊ नका, हे सांगण्यात निम्मी नोकरी गेलेली. मागून लोक त्यांना ‘सासूबाई’ म्हणत, तेही त्यांना ठाऊक होतं.

त्या पोचेपर्यंत गुन्हेगार ठरूनही गेला होता.

“दाराच्या कार्डाची नोंद पाहिली,” केंद्राचे प्रमुख म्हणाले. “काल सगळ्यात शेवटी लंबू बाहेर पडला. त्यानंतर सकाळी मी दार उघडेपर्यंत विभागात कोणी आलेलं नाही. आता आणखी काय हवंय?”

लंबू म्हणजे तिघांतला सगळ्यात तरुण इंजिनियर. दारातून वाकून यायचा म्हणून लंबू. त्या सकाळी तो नवाकोरा टाय लावून फाटकावर आला आणि त्याचं कार्ड चाललं नाही. दोन पहारेकऱ्यांनी त्याला चौकीत बसवून ठेवलं होतं.

“चौकशी तुम्ही करा,” प्रमुख बाजूला येऊन हळू आवाजात म्हणाले. “नियम आहे म्हणून. पण फार ताणू नका. समुद्राकाठच्या केंद्रात सुरक्षाप्रमुखाची जागा निघतेय, तुमचं नाव मी आधीच कानावर घातलंय. हे नीट निस्तरलंत की झालं.”

बाईंनी खिशातून चष्मा काढून लावला. त्या भट्टीत शिरल्या आणि दाराशेजारी थांबल्या.

तिथे भिंतीवरून एक वायर लोंबत होती आणि तिच्या टोकाला बोटाएवढी धातूची कांडी. हिला सगळे ‘चौकीदार’ म्हणत. दार बंद असताना कांडीला गारवा लागला की पहारेकऱ्यांच्या चौकीत भोंगा वाजायचा. तो बाईंनीच बसवून घेतला होता.

रात्री भोंगा वाजला नव्हता.

बाईंनी दार बंद करून कांडी गार पाण्यात बुडवली. खाली चौकीत भोंगा असा काही बोंबलला की लंबू खुर्चीतून उठून उभा राहिला.

म्हणजे चौकीदार ठणठणीत होता. मग रात्रभर तो गप्प का बसला?

२

“मी आत गेलोच नाही, बाई,” लंबू म्हणाला. टाय त्यानं सोडून मुठीत धरला होता. “दाराबाहेर चौकीदाराचा आकडा दिसतो ना, तो पाहिला. बरोबर होता. मग निघालो.”

“एवढा वेळ करत काय होतास? रोज तर डॉक्टरताई शेवटी निघतात.”

लंबूनं मान खाली घातली. “मीटिंगच्या खोलीत होतो. मुलाखतीची तयारी. रिकाम्या खुर्चीसमोर बसून उत्तरं म्हणत होतो. ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?’ याचंच उत्तर जमत नव्हतं.” मग एकदम म्हणाला, “बायकोला सातवा लागलाय. तिला मी सांगून बसलोय की आज काम होणार. तुम्ही तिला फोन तरी करू द्या.”

फोन काढून घेतला होता. बाईंनी आपला दिला. तो बोलला ते दोनच शब्द: “उशीर होईल.”

बाई आपल्या खोलीत गेल्या आणि संगणकासमोर बसल्या. बॅटऱ्यांच्या उष्णतेची नोंद विभागात राहायची. पण चौकीदाराच्या आकड्याची नोंद सुरक्षेच्या, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या संगणकावर उतरायची. ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नव्हती. लोकांना वाटायचं, ती कांडी नुसती आकडा दाखवते आणि ओरडते.

त्यांनी दोन्ही रेघा एकाखाली एक मांडल्या.

बॅटऱ्यांची रेघ संध्याकाळीच घसरायला लागली होती. लंबू निघण्याच्याही आधी, डॉक्टरताई आणि घुम्या, तिघांतले उरलेले दोघं, अजून विभागात होते तेव्हा. जाड भिंतींची खोली, ती काय लगेच गार पडते? हळूहळू उतरत राहिली आणि पहाटेपर्यंत पार तळाला गेली.

चौकीदाराची रेघ मात्र रात्रभर वरच होती. शिवाय तिचं रूप वेगळं होतं. रोज ती करवतीच्या दात्यांसारखी असायची, कारण हीटर चालू-बंद होत राहायचा. त्या रात्री ती नितळ, गुळगुळीत. अगदी सावकाश, केसाकेसानं उतरणारी.

असं सावकाश काय निवतं? बाईंनी परत जाऊन कांडी उजेडात धरली. गार पाण्याची ओल त्यांनी मघाशीच पुसून टाकली होती. पण वायरच्या बुडाशी, पुसलेल्या जागेच्या बरंच वर, वाळलेल्या पाण्याचा पांढुरका कड होता. इतकं खोल त्यांनी बुडवलंच नव्हतं.

थर्मासातलं गरम पाणी. कोणीतरी चौकीदाराला रात्रभर गरम पाण्यात बसवून गाढ झोपवलं होतं.

पण बाईंच्या अंगावर काटा आला तो रेघेच्या शेवटाकडे पाहून. चौकीदाराचा आकडा धाडकन कोसळला होता तो सकाळी, प्रमुखांनी दार उघडल्यानंतर. म्हणजे कांडी थर्मासातून काढली गेली ती पाहुण्यांच्या देखत.

तेव्हा लंबू फाटकाबाहेर होता.

३

आत त्या वेळी सहा माणसं होती. दोन पाहुणे आणि भरती विभागातली ती उत्साही मुलगी, जिला सगळे ‘भरतीवाली’ म्हणत, हे तिघं आदल्या संध्याकाळी विभागाकडे फिरकलेही नव्हते. प्रमुख आदल्या दुपारपासूनच पाहुण्यांना आणायला विमानतळावर गेले होते. संध्याकाळी आणि सकाळीही हजर अशी दोनच माणसं उरत होती. एक डॉक्टरताई आणि दुसरा घुम्या.

डॉक्टरताई विभागात सगळ्यांत थोरली. औषधाची नव्हे, रसायनशास्त्राची डॉक्टर. ही चाचणी तिनंच मांडलेली. कुठल्या मांडणीवर कुठली बॅटरी आहे हे ती डोळे मिटून सांगायची. कायम होणार तर तीच, असं सगळे धरून चालले होते. लंबूसुद्धा.

बाईंनी तिला विचारलं तेव्हा ती कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती.

“कोणावर संशय आहे का तुमचा?”

“कोणाचं नाव घेऊ, बाई? तिघंही याच्यावरच जगत होतो.” तिनं भट्टीच्या दाराकडे नुसती हनुवटी उडवली. “यंत्रच बिघडलं असेल. असं नाही का होत? तुम्ही तसंच लिहा ना. लंबूला कशाला बसवून ठेवलंय? पोरगा आहे तो.”

“भोंगा वाजला नाही, त्याचं काय?”

डॉक्टरताईनं टेबलावरची वही मिटली. “तोही बिघडला असेल,” ती म्हणाली.

घुम्याची गोष्ट निराळी. तिशी उलटलेला तंत्रज्ञ, दिवसभरात चार वाक्यं बोलला तर खूप. बाई त्याच्या टेबलाशी गेल्या तेव्हा तो जागेवर नव्हता. त्यांनी खण ओढला, तो रिकामा. दुसरा ओढला, तोही रिकामा. टेबलावरचा कपसुद्धा गायब. आणि हे आजचं नव्हतं. खणाच्या तळाशी पुसल्यावर पुन्हा बसलेला धुळीचा पातळ थर होता.

भट्टी गार पडायच्या आधीच या माणसानं आपलं चंबूगबाळं आवरलं होतं.

४

घुम्या उपाहारगृहाच्या मागच्या पायऱ्यांवर सापडला.

“खण कधी रिकामे केलेस?”

“मागच्या आठवड्यात.”

“का?”

तो बराच वेळ बुटाच्या नाडीशी चाळा करत राहिला. बाई शेजारी बसल्या. त्यांना माणसांना गप्प बसू द्यायची सवय होती; घरीही तेच करायला लागायचं.

“मुलाखतीला बसणारच नव्हतो मी,” घुम्या शेवटी म्हणाला. “जागाच नाहीये, बाई.”

“म्हणजे?”

“कागद द्यायला भरतीवालीच्या खोलीकडे गेलो होतो. दार लोटलेलं होतं. प्रमुख आत सांगत होते, ‘जागा मंजूर नाही. पण चाचणी संपेपर्यंत कोणी सोडून जाता कामा नये. तेवढं गाजर दाखवावंच लागेल.’ चाचणी संपली की तिघांची कंत्राटं संपली. विभागही आवरतायत.” तो हसला, पण त्यात हसू नव्हतं. “मी आलो आणि खण आवरले. भाऊ म्हणतो, ये दुकानावर. जातो आता.”

“हे आणखी कोणाला सांगितलंस?”

“लंबूला नाही. त्याच्या घरी बाळ येणार, कसं सांगू?” घुम्या उठला. “फक्त ताईंना सांगितलं.”

संध्याकाळी लंबूला कामावरून काढून घरी पाठवलं. बाई घरी गेल्या तेव्हा त्यांचे यजमान जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसले होते. तेही याच कंपनीत होते. गेल्या कपातीत गेले. तेव्हापासून रोज कंपन्यांच्या नोकऱ्यांची पानं उघडायची आणि अर्ज भरायचे, हाच उद्योग. जगातल्या कोणत्या कंपनीत काय निघालंय हे त्यांना तोंडपाठ. निघालेलं एकही यांना मिळत नव्हतं.

“अहो, आमच्या बॅटरी विभागातली ती कायमची जागा,” बाईंनी विचारलं, “तुमच्या त्या पानावर आहे का?”

“नाही.” त्यांनी मान वरही केली नाही. “कधीच नव्हती. आतल्या माणसाला घ्यायचं असलं तरी पानावर लावावी लागते, नियम आहे. तुमच्या केंद्राची एकही जागा नाही आता तिथे. फोटो मात्र झकास लावलेत. आजचेच दिसतायत.”

“बघू.”

त्यांनी लॅपटॉप बाईंकडे वळवला. वर मोठ्या अक्षरांत ‘आमच्यासोबत काम करा’, आणि खाली भरतीवालीनं सकाळी काढलेले फोटो. एक भट्टीच्या दाराबाहेरचा, सगळे आत जाण्याआधीचा. प्रमुख हसतायत, घुम्या मागे उभा, हात खिशात. डॉक्टरताई पुढे, पांढऱ्या कोटात, दोन्ही हात समोर जोडून धरलेले. रिकामे.

“आणखी आहेत?”

“हा एक आहे. यात कोणी हसत नाहीये, तरी लावलाय. घाईत बघितलं नसेल.”

दुसरा फोटो भट्टीच्या आतला. सगळे प्रमुखांच्या हाताखालच्या त्या बॅटरीकडे बघत होते. एकटी डॉक्टरताई सगळ्यांच्या मागे, दाराशेजारच्या भिंतीला पाठ लावून उभी होती.

आणि तिच्या काखेत थर्मास होता.

५

बाईंना झोप लागली नाही, पण ती थर्मासामुळे नव्हे. कोणी केलं ते कळलं होतं. कशासाठी, तिथे घोडं अडत होतं.

लंबूला तोंडघशी पाडायचं असतं तर एवढा घाट घालायची गरजच नव्हती. मुलाखतीच्या सकाळी हीटर अर्धा तास बंद ठेवला असता, भोंगा वाजला असता, लंबूवर बोट गेलं असतं, आणि चाचणीही वाचली असती. चौकीदाराला झोपवलं याचा अर्थ एकच: करणाऱ्याला गारवा रात्रभर टिकायला हवा होता. कोणा माणसावर डाव नव्हताच. डाव चाचणीवर होता. आणि ज्या बाईनं ती चाचणी पोटच्या पोरासारखी वाढवली, तिनंच तिच्या नरड्याला नख लावलं होतं.

सकाळी भट्टीचं दार सताड उघडं होतं. आत डॉक्टरताई एकटीच मांडण्यांवरून बॅटऱ्या उतरवत होती. बाईंनी दार लोटून घेतलं आणि घडलं ते एकेक करून सांगितलं. गुळगुळीत रेघ, पांढरा कड, दोन फोटो.  हातातली बॅटरी तिनं फडक्यात गुंडाळली आणि खोक्यात ठेवली.

“ती कांडी नोंद ठेवते?” तिनं विचारलं.

“ठेवते.”

“बघा. मला एवढंही माहीत नव्हतं.”

“ताई, जागा नाही हे घुम्यानं तुम्हाला सांगितलं होतं.”

“हो.” ती उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसली. “तीन आठवड्यांत आम्ही तिघं घरी. मी पंचेचाळिशीला आले, बाई. बाहेर मला कोण दारात उभं करतं? एक मुलगा शिकतोय, आई अंथरुणाला खिळलीय. घुम्या दुकानावर जाईल म्हणतो. ते दुकान भावाचं, आणि भावजय याला दोन दिवस धड जेवू घालायची नाही. लंबूचं तर तुम्हाला माहीतच आहे. मग माझ्या मनात आलं, चाचणी संपलीच नाही तर? पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागली तर? सुरू करायची तर माणसं लागणारच. ती काय नवी आणतील? आणखी दोन वर्षं मिळाली असती. तिघांनाही.”

“आणि लंबूचं नाव पुढे आलं?”

“रोज मी शेवटी निघते हो!” तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. “कार्डावर माझंच नाव शेवटचं यायला हवं होतं. त्या संध्याकाळी आईच्या नर्सला लवकर जायचं होतं. मी हीटर बंद केला, कांडी थर्मासात घातली, थर्मास मांडणीच्या आड ठेवला आणि घुम्या गेल्यावर मीही पळाले. मला वाटलं, सगळे गेलेत. तो पलीकडच्या खोलीत खुर्चीशी बोलत बसलाय, हे मला काय ठाऊक?”

“काल सकाळी तरी बोलायचंत.”

“बोलणार होते. यंत्राचा दोष निघेल म्हणून थांबले. मग त्याला धरलं, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच.” तिनं डोळे पुसले नाहीत; ते कोरडेच होते. “माझं नाव लिहा, बाई. आजच लिहा. त्याला सोडवा.”

बाईंचा फोन वाजला. पलीकडे भरतीवाली होती, आणि तिच्या आवाजातला नेहमीचा चिवचिवाट कुठल्या कुठे गेला होता.

“बाई, तो अहवाल आता नाही दिलात तरी चालेल,” ती म्हणाली. “वरून निरोप आलाय.”

६

निरोप साधा होता. चाचणी पुन्हा सुरू करायची नाही. तयार निष्कर्ष दुसऱ्या कंपनीकडून विकत घ्यायचे. बॅटरी विभाग महिनाअखेरीस बंद, आणि वर्षभरात सगळं केंद्रच.

डॉक्टरताई दोन वर्षं मिळवायला गेली, हातात दोन आठवडेही पडले नाहीत. उलट चाचणी पुरी झाली असती तर तिघांना ‘हे काम आम्ही तडीस नेलं’ असं बाहेर सांगता तरी आलं असतं. आता सांगायला उरली ती विझलेली भट्टी. बाईंनी हे तिला सांगितलं तेव्हा ती नुसती “असं होय” म्हणाली आणि फडकं घडी करून ठेवलं. तसा चेहरा बाईंनी पूर्वी एकदाच पाहिला होता, कपातीच्या दिवशी, आपल्याच घरी.

अहवाल कोणाला नको होता. पण लंबूच्या नावापुढे ‘गैरवर्तनामुळे काढलं’ असा शेरा बसला होता, आणि तो शेरा असेपर्यंत त्याला कोणी दारात उभं करणार नव्हतं. बाई रात्रीचं जेवण टाळून लिहायला बसल्या. एकदा पेन थांबलं. न लिहिलं तर एक माणूस नाहक बुडतं. लिहिलं तर दुसरं बुडतं, आणि त्या माणसाच्या घरी आजारी म्हातारी आहे. पण डॉक्टरताईनं स्वतः सांगितलं होतं, लिहा. बाईंनी लिहिलं. शेवटी तिनं हे स्वतःच्या लाभासाठी केलं नाही, तिला माणूस म्हणून सांभाळून घ्यावं, असंही घातलं.

प्रमुखांनी तो वाचला आणि चष्मा काढला.

“तुम्ही कमाल केलीत,” ते म्हणाले, आणि तसं वाटतही असावं त्यांना. “पण उपयोग काय? डॉक्टरताईंवर कारवाई होईल. ती करावीच लागेल, तुम्ही कबुलीच जोडलीय.”

“आणि लंबू?”

“त्याचं प्रकरण बंद झालंय.”

“बंद झालेलं उघडा. तो निर्दोष आहे, साहेब. त्या शेऱ्यानं त्याचं आयुष्य—”

“उघडणार कोण? शेरे बदलणारी माणसं मुख्य कार्यालयात होती. त्यांचाही विभाग कालपासून नाही. मी तीन मेल टाकल्या, तिन्ही परत आल्या.” त्यांनी अहवाल खणात ठेवला, अगदी काळजीपूर्वक. “माझं स्वतःचं काय होणार तेही मला कळलेलं नाही. आणि हो, समुद्राकाठची ती जागा. भरती थांबवलीय. राग मानू नका.”

बाईंना राग आला नाही. यायला हवा होता, असं त्यांना वाटलं.

रविवारी त्या लंबूच्या घरी गेल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. दार त्याच्या बायकोनं उघडलं, एक हात कमरेवर ठेवून. आत नवा पाळणा होता, अजून कागदातून न काढलेला. लंबू खुर्चीवरून उठला. घरात तो आणखीच उंच दिसत होता.

बाईंनी सगळं सांगितलं, काही न लपवता. कोणी केलं, का केलं, कसं कळलं. तो निर्दोष आहे हे सिद्ध झालंय, हेही सांगितलं.

“म्हणजे तो शेरा जाणार?” बायकोनं विचारलं. तिचा चेहरा असा काही उजळला की बाईंना तिच्याकडे बघवेना.

“नाही.”

“पण तुम्ही आत्ताच म्हणालात—”

“सिद्ध झालंय. पण पुसायला माणूसच उरलेलं नाही. मी जमेल तिथे साक्ष देईन. माझा नंबर घेऊन ठेवा. पण नोकरी देणारे जुन्या कंपनीला विचारतात, आणि मीही तिथे फार दिवस नाही.”

बायको पाळण्याशेजारी स्टुलावर बसली. “म्हणजे ताईंचंही गेलं आणि यांचंही गेलंच,” ती हिशेब लावल्यासारखी म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं. “मग तुम्ही हे शोधलंत कशाला, बाई?”

 खरं शोधायलाच हवं, असं काहीतरी बाईंच्या मनात आलं होतं. त्या घरात ते म्हणायची त्यांना लाज वाटली.

लंबू खिडकीशी पाठमोरा उभा होता. न वळताच तो म्हणाला, “ताईंनी मला विचारायला हवं होतं.”

“तू थांबवलं असतंस त्यांना?”

“छे हो.” तो वळला. “मीच बटण बंद केलं असतं. मला काय, पाच वर्षांनी कुठे असणार ते माहीत नव्हतं. दोन वर्षांनी कुठे, ते तरी कळलं असतं.”

 बायकोनं चहाचं विचारलं. बाई नको म्हणाल्या, मग हो म्हणाल्या, कारण नको म्हटल्यावर उठावं लागलं असतं. तिघं चहा प्यायले. निघताना लंबू त्यांना खालपर्यंत सोडायला आला. रस्ता ओलांडेपर्यंत फाटकात थांबला, आणि मग सावकाश जिना चढून वर गेला.